गेममधली ‘शेवटची संधी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा संगणकाचा क्लास आहे. संध्याकाळची बॅच सुटली की पोरं आधी फोन काढतात, आणि न्यायला आलेल्या आया मला दारातच गाठतात. दोघांचे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: गेम ‘आजच घे, उद्या मिळणार नाही’ म्हणतो तेव्हा करायचं काय? व्हॉट्सअॅपवरही हेच येतं. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. पोरांच्या प्रश्नाला उत्तर देताना ‘तू’ म्हटलंय, मोठ्यांना ‘तुम्ही’.

१. फोमो फोमो म्हणतात ते नक्की काय आहे?

आपण नव्हतो तेवढ्यात काहीतरी भारी होऊन गेलं, आपलं हुकलं, ही धाकधूक. ‘फिअर ऑफ मिसिंग आउट’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात पॅट्रिक मॅकगिनिस याने त्यावर लेख लिहिला, आणि २०१३ मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की व सहकाऱ्यांनी ही भीती मोजायची प्रश्नावली तयार केली.

सोलापूरकरांना ही धाकधूक शिकवावी लागत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कोणीतरी थांबतंच, मग लग्नाचं आमंत्रण का असेना. पण ती टंचाई खरी आहे. उजनी धरणातून पाणी आणायचं, टाक्या भरायच्या, मग पेठापेठांत वाटायचं. गेममधल्या ड्रेसला, बंदुकीच्या रंगाला यातली कुठलीच अडचण नाही. ती एक फाइल आहे. एकाला दिली काय आणि एक कोटी लोकांना दिली काय, संपत नाही. तरी ती ‘फक्त तीन दिवस’ मिळते, कारण कोणीतरी बसून तसं ठरवलेलं असतं. खालची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. गेमवाले ही भीती घालतात तरी कशी?

परवा दहावीतल्या एका पोराला म्हटलं, गेम उघड, आणि खेळायला सुरुवात होईपर्यंत मध्ये काय काय येतं ते मला दाखव. आधी एक झगमगीत चौकट आली: नवा बंडल (ड्रेस वगैरेंचा संच), खाली घड्याळ, २ दिवस १४ तास. त्याने फुली दाबली. दुसरी चौकट: आज टॉप-अप केलं, म्हणजे गेममध्ये पैसे भरले, तर जादा बक्षीस. फुली. तिसरी रोजच्या लॉगिनची. मग मुख्य पडदा आला, त्यावर पाच-सहा ठिकाणी लाल ठिपके. एकेक ठिपका दाबून घालवल्याशिवाय त्याला चैन पडेना. सामना सुरू व्हायला चार मिनिटं गेली. फुली कुठे असते हे त्याच्या अंगठ्याला पाठ झालं होतं, तो बघतही नव्हता.

यातली प्रत्येक गोष्ट माणसाच्या एकेका स्वभावावर बेतलेली आहे. घड्याळ आहे ते नुकसानीच्या भीतीसाठी. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. ‘मिळेल’ म्हणण्यापेक्षा ‘जाईल’ म्हटलं की आपण लवकर हलतो. लाल ठिपका हा अर्धवट राहिलेल्या कामाचा टोचा आहे. अपुरं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं.

आणि इव्हेंटमधली (ठरावीक दिवस चालणाऱ्या खास उपक्रमातली) ती अर्धी भरलेली पट्टी! २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. एका गाडी धुण्याच्या केंद्रात गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड, काहींना दहा शिक्क्यांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. कोरं कार्ड मिळालेल्यांतल्या १९ टक्के लोकांनी ते पूर्ण केलं, दोन शिक्के ‘फुकट’ मिळालेल्यांतल्या ३४ टक्क्यांनी. गेममधल्या इव्हेंटची पट्टी पहिल्याच दिवशी थोडी भरलेली का असते, ते यावरून कळेल.

बाकी युक्त्या जुन्याच आहेत. २००९ च्या फार्मव्हिलमध्ये वेळेवर आलं नाही तर पीक वाळायचं. कँडी क्रशमध्ये पाच जीव संपले की अर्ध्या तासाला एकच परत मिळतो, म्हणजे आपण कधी परत यायचं ते गेम ठरवतो. मित्रांच्या मार्फत येणाऱ्या दबावाबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलंय.

३. मॅडम, रोज नुसतं लॉगिन केलं की फुकट मिळतं. मी पैसे टाकत नाही. मग त्यात वाईट काय?

पैसे टाकत नाहीस हे चांगलंच आहे. पण सात दिवसांच्या त्या तक्त्याकडे नीट बघ. पहिल्या सहा दिवसांना किरकोळ वस्तू असतात आणि मोठं बक्षीस सातव्या दिवशी. काही गेममध्ये एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तुला सहा दिवस यायची सवय लावण्याची ती मजुरी आहे. आणि आलास की प्रश्न २ मधल्या चौकटी तुझ्यासमोर उघडतातच.

या फुकटच्या बक्षिसाची कंपनीला किती किंमत आहे ते ऐक. डिसेंबर २०२३ मध्ये चीन सरकारने नियमांचा एक मसुदा काढला: रोजच्या लॉगिनला, पहिल्या टॉप-अपला, लागोपाठच्या टॉप-अपला बक्षीस द्यायचं नाही, आणि खर्चाला मर्यादा घालायची. त्याच दिवशी टेन्सेंट आणि नेटईज या कंपन्यांचे शेअर धाडकन कोसळले. पुढच्या महिन्यात तो मसुदा सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकला गेला.

४. पास घेतलाय. आता पैसे वसूल करायला खेळावंच लागणार ना?

नाही. पास म्हणजे एका सीझनपुरता पैसे देऊन घेतलेला बक्षिसांचा तक्ता, खेळून एकेक पायरी ओलांडली की त्यातलं बक्षीस मिळतं. तो घेतला त्या क्षणी पैसे गेले. तू खेळलास तरी ते परत येत नाहीत, नाही खेळलास तरी येत नाहीत. आता प्रश्न फक्त पुढच्या तासांचा आहे.

ही पासाची पद्धत २०१३ मध्ये डोटा २ मधून सुरू झाली आणि २०१८ मध्ये फोर्टनाइटने ती घराघरांत नेली. मला ती सगळ्यांत जास्त खटकते, आणि का ते सांगते. आपल्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात माणूस मागावर उभा राहतो, जेवढा माल काढेल तेवढी मजुरी घेतो. पासात आधी पैसे तू देतोस, मग माल काढायलाही तूच उभा राहतोस, आणि सीझन संपेपर्यंत माल निघाला नाही तर दिलेल्या पैशांतलं उरलेलं बुडतं. शेवटच्या आठवड्यात थोड्याच पायऱ्या राहिल्या की गेम म्हणतो, त्या पैशांनी विकत घे. म्हणजे काम करायला पैसे, आणि काम चुकवायलाही पैसे.

पास आवडतच असेल तर एक उपाय आहे: तो सीझनच्या शेवटी घे. फोर्टनाइट, बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार), फ्री फायर मॅक्स यांत पास घेतला की तोवर ओलांडलेल्या पायऱ्यांची बक्षिसं एकदम उघडतात. सीझनभर मजेने खेळ, शेवटच्या दोन दिवसांत बघ की कितव्या पायरीवर आहेस आणि त्यातलं तुला खरंच काय हवंय. माझ्या क्लासमधल्या तिघांनी असं केलं. दोघांनी शेवटी पास घेतलाच नाही, एकाने आनंदाने घेतला.

५. ते घड्याळ खरं असतं का? गेलेली वस्तू परत येत नाही का?

घड्याळ कधी खरं असतं, कधी नसतं, आणि आपल्याला बाहेरून ते ओळखता येत नाही. नेदरलँड्सच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये फोर्टनाइटच्या एपिक गेम्सला ११,२५,००० युरोंचा दंड केला. दुकानातल्या वस्तूंवर उलटी मोजणी लावलेली होती, पण वेळ संपल्यावरही काही वस्तू मिळतच होत्या. मुलांना उद्देशून ‘आत्ता घ्या’ छापाची भाषा वापरल्याचाही ठपका होता. कंपनीने तो निर्णय मान्य केला नाही, पण दंड जाहीर झाला.

परत येण्याबद्दल बोलायचं तर बहुतेक वस्तू फिरून येतात. सणाला येतात, वर्धापनदिनाला येतात, रंग बदलून येतात. फोर्टनाइटच्या पासच्या (बॅटल पास) वस्तू कधीच परत येणार नाहीत असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. एपिकने २०२४ मध्ये नियम बदलून सांगितलं की नव्या पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनंतर दुकानात येऊ शकतात. ‘कधीच नाही’ हा शब्द कंपनीच्याच हातात असतो.

६. स्पिनमध्ये आता एकच वस्तू राहिलीय, आणि तीच मला हवीय. शेवटचा स्पिन मारू का?

थांब, आधी बेरीज कर. फ्री फायरच्या फेडेड व्हीलमध्ये (पैसे देऊन फिरवायच्या बक्षिसांच्या चाकात) मिळालेली वस्तू पुन्हा येत नाही, म्हणून वाटतं की आपण जिंकण्याच्या जवळ चाललोय. पण प्रत्येक स्पिनला भाव वाढतो. ९, १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि शेवटी ४९९ डायमंड (गेममधलं विकत घ्यायचं चलन). सगळे मिळून १०८२. डायमंड साधारण ऐंशी पैशांना पडतो असं धरलं तर साडेआठशे रुपयांच्या वर झाले, आणि त्यातला जवळजवळ निम्मा खर्च एकट्या शेवटच्या स्पिनचा. सुरुवातीला नऊ डायमंडने आत घेतात ते याचसाठी.

पहिलाच स्पिन मारताना स्वतःला विचार: ही वस्तू थेट १०८२ डायमंडला दुकानात असती तर घेतली असती का? नसती, तर नऊचा स्पिनही मारू नकोस. आणि आधीच सात मारून बसला असशील तर ते गेलेले धरून फक्त एवढंच बघ: ४९९ डायमंडला ही वस्तू हवी आहे का?

७. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे बंडल आहे. मला म्हणतात, ‘अजून डिफॉल्टच का बे?’ लाज वाटते. काय करू?

डिफॉल्ट म्हणजे गेमने फुकट दिलेला साधा ड्रेस. ती लाज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चौदाव्या वर्षी मित्रांसमोर कमी पडल्यासारखं वाटणं ही लहान गोष्ट नसते. मोठी माणसं ‘त्यात काय एवढं’ म्हणतात तेव्हा ती विसरलेली असतात की त्यांनाही शाळेत कोणाच्या तरी बुटांकडे बघून असंच झालं होतं.

पण तुझ्या लाजेवर कोण पैसे कमावतंय ते ओळख. गेममध्ये सामना सुरू होण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं करतात, जिंकणाऱ्याला नाचवतात, मारणाऱ्याचा ड्रेस मेलेल्याला दाखवतात. तुझा मित्र तिथे फुकटात जाहिरात करतोय, आणि त्याला ते माहीतही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. कपड्यांनी खेळ सुधारत नाही, पण फ्री फायरमध्ये काही गन स्किनमुळे (बंदुकीच्या रंगरूपामुळे) बंदुकीच्या माऱ्यात किंवा वेगात थोडा फरक पडतो. तेव्हा ‘स्किन म्हणजे नुसता रंग’ हे सगळीकडे खरं नाही. म्हणून तर मला तो प्रकार जास्त चुकीचा वाटतो.

माझ्याकडच्या एका मुलीने काय केलं ते सांगते. तिच्या चौघींच्या स्क्वॉडने ठरवलं की एक महिना चौघीही डिफॉल्टवरच खेळायचं. एकटीने ठरवलं असतं तर टिकलं नसतं.

८. पोरगा ताटावरून उठून जातो. ‘इव्हेंट संपतोय’ म्हणतो. फोन काढून घेऊ का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. एका आईने विचारला तेव्हा ती दारात बसून विड्या वळत होती, मांडीवर सूप, आणि बोलताना हात एकदाही थांबला नाही. म्हणाली, “मॅडम, मी हजार वळते तेव्हा चूल पेटते, आणि हा म्हणतो माझं नुकसान होतंय.”

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: सामना आणि इव्हेंट. सामना मधेच थांबवता येत नाही. फ्री फायरचा सामना साधारण दहा मिनिटांचा, बीजीएमआयचा मोठ्या नकाशावरचा अर्ध्या तासाचा. मधेच उठला तर बरोबरच्या तिघांचं नुकसान होतं आणि त्याचा रँक पडतो. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हटलं की तो चिडतो, आणि त्या चिडण्यात थोडं तथ्य असतं. त्यापेक्षा जेवायच्या अर्धा तास आधी सांगा, “हा सामना झाला की नवा सुरू करायचा नाही.” हे पाळणं त्याला जमण्यासारखं आहे.

इव्हेंट मात्र कधीच जेवणापेक्षा मोठा नसतो. ‘संपतोय’ म्हणाला की शेजारी बसा आणि विचारा: कधी संपतोय? काय मिळणार आहे? मागच्या महिन्यात असंच काय मिळालं होतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक पोरांना आठवावं लागतं, आणि तिथे ती स्वतःच थबकतात. ओरडून जे होत नाही ते या थबकण्यात होतं.

फोन हिसकावण्याच्या मी विरोधात आहे. हिसकावला की गेम आणि आई यांच्यात पोरगं गेमच्या बाजूने उभं राहतं. सूचना मात्र आजच बंद करा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या गेमचं नोटिफिकेशन बंद करता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

९. मुलाने माझ्या फोनवरून गेममध्ये पैसे घातले. परत मिळतील का?

मिळू शकतात, पण वेळ घालवू नका. गुगल प्लेवरून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडेच परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं. आयफोन असेल तर अॅपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावर अर्ज करायचा. खरेदी लहान मुलाने परवानगीशिवाय केली हे स्पष्ट लिहा. पावतीचा ईमेल, रक्कम, तारीख, वेळ जवळ ठेवा. गेममध्ये त्या डायमंडला हात लावू नका.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नसते, म्हणून मुलाचं वय लिहिणं महत्त्वाचं आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माझ्या बहिणीच्या घरी हे घडलंय. भाच्याला पिन पाठ होता, कारण भाजीवाल्याला पैसे द्यायला फोन त्याच्याच हातात दिला जायचा. एका इव्हेंटच्या शेवटच्या रात्री त्याने चार वेळा थोडे थोडे पैसे घातले. बहिणीला महिन्याच्या शेवटी कळलं, तोवर परतावा मागायची मुदत निघून गेली होती. पैशांपेक्षा त्याचं लपवणं तिला लागलं.

म्हणून आधीच करून ठेवा: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सुरू करा, यूपीआयचा पिन बदला, यूपीआय अॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून कुठली मंजुरी चालू आहे ते बघा. एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न मागता कापला जाऊ शकतो. फक्त २४ तास आधी सूचना येते.

१०. सरकारने ऑनलाइन गेमवर बंदी आणली ना? मग हे चालू कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यात वेगळे ठेवले आहेत. गेममध्ये ड्रेस विकणं त्या बंदीत येत नाही.

दुसरा नियम जास्त कामाचा आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार आहेत, आणि पहिलाच ‘खोटी घाई’: टंचाई नसताना ती आहे असं भासवून गिऱ्हाइकाला लगेच खरेदी करायला लावणं. घड्याळ संपूनही वस्तू तिथेच दिसली, तर दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट काढून १९१५ वर तक्रार करता येते.

बाहेर कारवाया झाल्यात. अमेरिकेत एपिकला डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलर भरायचं मान्य करावं लागलं, त्यातले २४.५ कोटी फसव्या मांडणीमुळे खरेदी झालेल्यांना परत द्यायला होते. जानेवारी २०२५ मध्ये गेनशिन इम्पॅक्टच्या कंपनीने २ कोटी डॉलर मान्य केले. बेल्जियमने २०१८ मध्येच पैशांचे लूट बॉक्स (आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या) जुगारात धरले. आपल्याकडे बीजीएमआय बंदीनंतर मे २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा होती. वय खोटं टाकलं की ती मर्यादा कशी पोकळ होते, हे तुम्हाला घरीच दिसेल.

११. हे व्यसन झालंय का? डॉक्टरकडे न्यावं का?

इव्हेंटच्या आठवड्यात जास्त खेळणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच. तेही साधारण बारा महिने, आणि शाळा, घर, झोप यांवर ठळक परिणाम झालेला.

शंका असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

१२. फुकट डायमंड देणाऱ्या लिंक असतात, त्या खऱ्या असतात का?

नाही. इव्हेंटच्या शेवटच्या दिवशी पोरं घाईला येतात, आणि भामटे त्याच घाईवर जगतात. लिंक उघडली की आयडी-पासवर्ड मागतात, किंवा ओटीपी. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

१३. आयडी (गेममधलं खातं) विकून घातलेले पैसे वसूल करता येतील?

बहुतेक गेमच्या अटींत आयडी विकायला मनाई आहे. विकणारा आणि घेणारा दोघांचीही आयडी बंद होऊ शकते, आणि व्यवहारात आधी पैसे की आधी पासवर्ड यावरून रोज कोणीतरी फसतंच. प्रश्न ४ मधलंच उत्तर इथेही: गेलेले गेले.

१४. ही भीती न घालणारे गेम आहेत का?

आहेत, आणि हे मला आवर्जून सांगायचंय, कारण गेम म्हणजेच वाईट असं माझं मत नाही. हेलो इन्फिनिटचा पास संपत नाही. २०२१ मध्ये घेतलेला आजही सावकाश पूर्ण करता येतो. हेलडायव्हर्स २ चे वॉरबॉन्डही (त्यातले पास) तसेच. म्हणजे अशा पद्धतीने धंदा करता येतो. मोबाइलवर एकदाच पैसे देऊन घ्यायचे, नेटशिवाय चालणारे गेम शोधा. बुद्धिबळाच्या अॅपमध्ये पटावरचं घोडं शुक्रवारी रात्री बारा वाजता नाहीसं होत नाही.

१५. मी चाळिशीची आहे, कँडी क्रश खेळते. मलाही हेच लागू आहे का?

हो. जीव भरायची वाट बघत रात्री साडेबारापर्यंत जागणं वयावर अवलंबून नसतं. पोराला सांगण्याआधी स्वतःच्या फोनवरची सूचना बंद केलीत तर तुमच्या सांगण्याला वजन येईल.

१६. गड्ड्याची जत्राही ठरावीक दिवसच असते, दिवाळीचा सेलही. मग तो फोमो नाही का?

अकरावीतल्या मुलाने हे विचारलं आणि मी दोन दिवस विचार केला. सेलबद्दल तो बरोबर आहे, तिथे बऱ्याचदा हीच युक्ती असते.

जत्रेचं वेगळं आहे. सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच ही गड्ड्याची जत्रा, संक्रांतीला येते कारण संक्रांत तेव्हाच असते. तारीख सगळ्यांना आधीच माहीत असते, आणि पुढच्या वर्षी ती परत येणार हेही. या वर्षी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा चुकला तर चुटपुट लागते, पण त्या चुटपुटीवर कोणी बिल काढत नाही. आणि सातही नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घातलेल्या हजारो माणसांत ‘तुझ्याकडे हाच ड्रेस का’ असं कोणी कोणाला विचारत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: वेळेची मर्यादा दिसली की विचार, ही मर्यादा कशामुळे आहे? ऋतूमुळे, जागेमुळे, माणसांच्या सवडीमुळे असेल तर ती खरी. फक्त कोणीतरी बटण दाबल्यामुळे असेल तर ती आपल्यासाठी लावलेली आहे.

१७. मला सोडायचंय, पण दोन वर्षांची आयडी आहे. डिलीट करू का?

लगेच डिलीट करू नकोस. डिलीट करणं हीही ‘शेवटची संधी’ होऊन बसते, आणि मग माणूस आठवड्यात नवी आयडी उघडतो. आयडी ईमेलला जोडलेली आहे याची खात्री कर, पासवर्ड कागदावर लिहून आईकडे दे, आणि फोनमधून गेम काढ. आयडी कंपनीच्या सर्व्हरवर राहते, फोनमध्ये नाही. गिल्डमधल्या (गेममधल्या गटातल्या) मित्रांना सांगून जा, म्हणजे ते बोलावत राहणार नाहीत. खेळायची हुक्की संध्याकाळी ठरलेल्या वेळी येते, त्या तासाला घराबाहेर पड.

प्रश्न ९ मधल्या माझ्या भाच्याने असंच केलं. पासवर्डचा कागद बहिणीने देवघरातल्या डब्यात ठेवलाय. त्याने तो मे महिन्यात एकदा मागितला, खेळला, आणि रविवारी स्वतःच परत आणून दिला.